झोपाळू कोपऱ्याचं खरं नाव

बर्फ बोलत नव्हता.

तिघंही काठावरच्या पानं झडलेल्या झाडांखाली श्वास रोखून उभी होती. एवढ्या थंडीत तळं बोलतंच. दिवसभर त्याच्या पोटातून आवाज येत राहतात. दूर कुणीतरी अवजड दार ओढून लावावं तसा गडगडाट होतो आणि मग लांबवर सुटत गेलेली एक शीळ ऐकू येते. बर्फ जाड होताना असा कण्हतो, आणि तो कण्हत असतो तोवर काठावरची माणसं निर्धास्त असतात. मोठ्या तळ्याकडून आत्ताही तो गडगडाट येत होता. पूर्वेच्या या कोपऱ्यात मात्र काहीच नव्हतं. होती ती फक्त पांढरी, सपाट, ओठ मिटून बसलेली शांतता.

"झोपलाय तो," कोल्बी अखेर कुजबुजला. "पाटीवर लिहिलंयच ना, 'झोपाळू कोपरा'!"

"गप रे!" डार्सी म्हणाली.

"मी काय केलं? पाटी तर तूच लिहिलीस!"

ते खरं होतं. त्यांच्या मागेच ती पाटी नव्या रंगाच्या वासासकट उभी होती. गेल्या शरद ऋतूत शहरातल्या पर्यटन मंडळाला तळ्याच्या काठाकाठाने मेनॉमिनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या जुन्या नावांच्या पाट्या लावायची हौस आली. नावं हवी होती, अर्थ हवे होते, आणि तेही आठवडाभरात! भाषेच्या वर्गात पहिली येणारी तेरा वर्षांची डार्सी वेका तेव्हा जुन्या ध्वनिफिती ऐकून ऐकून नावं उतरवत होती. तिने लिहून दिलं, मंडळाने रंगवलं. वर 'पेपोन नेपॅव', आणि खाली 'हिवाळ्यात झोपणारा कोपरा'. त्या दिवशी घरी परतताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता नाताळची सुट्टी होती. दोन दिवसांनी या तळ्यावर मासेमारीची मोठी स्पर्धा भरणार होती. महामार्गावरून येणाऱ्या गाड्यांना पाच मैलांचा वळसा पडू नये, म्हणून मंडळाचे मिस्टर हार्लन ग्रुबर यांनी या कोपऱ्यावरून थेट बर्फावरचा रस्ता काढायचं ठरवलं होतं. तीन वाजता पलीकडच्या काठावरून बर्फ लोटणारा ट्रक निघणार होता, आणि तो चालवणार होता ऑरिन. तो डार्सीचा मामा आणि बारा वर्षांच्या कोल्बीचा बाप. तो ट्रक येताना बघायला म्हणूनच तर ही तिघं इथे आली होती.

"ताई, ते बघ." डार्सीच्या धाकट्या बहिणीने, दहा वर्षांच्या ट्रीसाने, बोट दाखवलं. "कोल्हा कसा वेड्यासारखा गेलाय!"

बर्फावर कोल्ह्याच्या पावलांची रेघ होती. काठावरून ती दोरी ताणल्यासारखी सरळ गेली होती आणि मग एकाएकी डावीकडे वळली होती. कोपऱ्याच्या मधल्या भागाला भलामोठा वळसा घालून ती पुन्हा सरळ झाली होती.

"त्याला सशाचा वास आला असेल," कोल्बी म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीचा मिस्कीलपणा नव्हता.

"ससा गोल फिरत बसला होता का तिथे?" ट्रीसा म्हणाली.

कोल्बीने काठावरचा एक मुठीएवढा दगड पायाने उकरून काढला, हात मागे नेला आणि जोर लावून भिरकावला. गोठलेल्या तळ्यावर दगड पडला की टण्णकन वाजतो आणि उड्या मारत लांब जातो. हा दगड नुसता 'फस्स' करून बर्फात शिरला.

तिघं बघत राहिली. दगड शिरला तिथे आधी काहीच दिसेना. मग पांढऱ्यावर एक करडा ठिपका उमटला. तो नाण्याएवढा झाला, मग ताटाएवढा. सावकाश आणि निमूट, टिपकागदावर शाई पसरावी तसा तो पसरत राहिला.

"पाणी..." ट्रीसा पुटपुटली. "ताई, बर्फाखाली लगेच पाणी आहे!"

डार्सीने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि कोटाच्या आत, काखेत जपून ठेवलेला फोन बाहेर काढला. या काठावर फोन लागत नसे. पण ध्वनिफितीची नक्कल त्यात होती. बोटं बधिर होत होती. तिने ती जागा शोधली.

आधी वल्ह्याचा करकराट आला, मग खोकला. मग आजीच्या काकांचा, चाळीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या माणसाचा, खरखरीत आवाज. होडीतून जाता जाता ते एकेका काठाचं नाव सांगत होते. "पेपोन..." वल्हं करकरलं. "...नेप..." आणि पुढचा स्वर खोकल्यात अर्धा बुडाला.

"पुन्हा लाव," कोल्बी म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. 'पेपोन' म्हणजे हिवाळा, त्यात शंका नव्हती. प्रश्न पुढच्या शब्दाचा होता. 'नेपॅव' म्हटलं तर 'झोपतो'. 'नेपेव' म्हटलं तर 'पाणी'. बेट आणि बॅट यांच्यात असतं तेवढंच अंतर! शरद ऋतूत तिने कान देऊन ऐकलं होतं आणि तिला 'झोपतो' ऐकू आलं होतं. हिवाळ्यात तळी झोपतातच की! किती छान नाव, असं वाटलं होतं तिला.

छान वाटलं, आणि तिथेच ती ऐकायची थांबली होती.

"नेपॅव कुणाला म्हणतात?" ती एकदम म्हणाली. "सांग ना, ट्रीसा! वर्गात शिकवलंय तुला!"

"झोपलेल्याला."

"कुणाला पण? दगडाला म्हणता येतं? होडीला?"

"छे! जिवंत असेल त्यालाच. माणूस, अस्वल, कुत्रा..." ट्रीसा बोलता बोलता थांबली.

"आणि हा कोपरा माणूस आहे की अस्वल?" डार्सीचा आवाज चिरकला. "तो कसा झोपेल? 'हिवाळ्यात झोपतो' नाहीच ते! 'हिवाळ्यात पाणी'! खालून झरे असणार इथे. सगळं तळं गोठतं तेव्हाही इथे पाणी असतं, म्हणून हे नाव! ते नाव नाहीये कोल्बी, ती ताकीद आहे! आणि मी... मी तिचं अंगाईगीत करून टाकलं!"

कोल्बी पलीकडच्या काठाकडे बघत होता. तिथे, झाडांच्या काळ्या खोडांमागे, एक पिवळा दिवा गरगर फिरायला लागला होता.

"बाबांनी ट्रक सुरू केला," तो म्हणाला.

"अजून तीन वाजले नाहीत!"

"बाबा कधी वेळेवर निघालेत? एक तर तासभर उशिरा, नाहीतर..."

वाक्य पुरं न करताच तो पळत सुटला.

स्पर्धेचा तंबू काठाकाठाने तीन-चारशे पावलांवर होता. गुडघाभर बर्फात तीनशे पावलं म्हणजे तीन हजार! थंड हवा छातीत सुऱ्यासारखी शिरत होती. ट्रीसा दोनदा पडली आणि दोनदा एक शब्दही न काढता उठली.

तंबूच्या दारात रबरी कापडाचा, हवेने फुगवलेला एक राक्षसी मासा डोलत होता. घरापेक्षा उंच आणि डोळे वटारलेला. मिस्टर ग्रुबर यांचा तो जीव की प्राण. आत शेगडीजवळ ते कॉफी पीत बसले होते आणि टेबलावर त्यांचा बिनतारी संच खरखरत होता. त्याचा जोडीदार संच ट्रकमध्ये, ऑरिनमामाजवळ होता.

"मिस्टर ग्रुबर! ट्रक थांबवा!" डार्सीने टेबलाची कड धरली. "त्या कोपऱ्यात बर्फ पातळ आहे. खाली झरे आहेत!"

ग्रुबर यांनी कॉफीचा घोट घेतला. मग ते हसले.

"बरं! या नाटकाचा हा तिसरा अंक का?"

"नाटक नाही हो!"

"सकाळपासून हा तुझा मामेभाऊ दोनदा या संचावर ओरडलाय. 'थांबा, बर्फ फुटला!' म्हणे. दोन्ही वेळा त्याच्या बापाने ट्रकमधून उडी मारली. दोन्ही वेळा हा इथे पोट धरून हसत होता. विचार त्याला!"

कोल्बीची मान खाली गेली.

"ती थट्टा होती," तो पुटपुटला. "ही नाही."

"आणि झरे कुठून आले? 'हिवाळ्यात झोपणारा कोपरा', शांत, गोठलेला! हा अर्थ कुणी लिहून दिला मला? अगं, तुझ्याच हाताचा कागद आहे माझ्याकडे. तुमचे वाडवडील त्याला झोपाळू म्हणतात, म्हणूनच तर मी तिथून रस्ता काढला!"

"माझं चुकलं होतं!"

"मग आज बरोबर कशावरून?" त्यांनी संच स्वतःकडे ओढून घेतला. "सगळं तळं गोठलंय, पोरी. जा, आजीकडे जाऊन गरम सूप प्या. याला हात लावायचा नाही."

दारातून तळं दिसत होतं. पिवळा दिवा आता झाडांच्या बाहेर, काठावर आला होता. ट्रकपुढचा बर्फ लोटणारा लोखंडी फाळ खाली होताना त्याचा खणखणाट इथवर ऐकू आला.

डार्सीने कोल्बीकडे बघितलं. कोल्बीने ट्रीसाकडे बघितलं. ट्रीसाने कुणाकडेच बघितलं नाही. ती हळूच मागे सरकली आणि दाराबाहेर नाहीशी झाली.

क्षणभराने बाहेरून एक लांबलचक 'फुर्रर्र' ऐकू आलं, आणि पाठोपाठ ट्रीसाची किंकाळी.

"मिस्टर ग्रुबर! तुमचा मासा मेला!"

"काय?"

"नाक खाली घातलं बघा त्याने! अगं बाई, आता शेपूटही गेली!"

ग्रुबर कॉफी सांडत धावले. राक्षसी मासा कमरेत वाकून त्यांनाच नमस्कार करत होता. "बूच! बूच कुठाय त्याचं?" ते ओरडले. "माझ्या हातात होतं," ट्रीसा गंभीरपणे म्हणाली, "पण आता नाहीये. या बर्फातच कुठेतरी पडलं." ते गुडघ्यांवर बसून बर्फ उकरू लागले.

डार्सीने संच उचलला आणि बटण दाबलं.

"मामा! मामा, थांब! पुढे येऊ नकोस, बर्फ पातळ आहे!"

खरखर. मग मामाचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर आणि गाणं.

"डार्सी? अगं, तू पण का त्या गाढवाच्या नादी लागलीस? तिसऱ्यांदा नाही हं फसणार मी! सांग त्याला, घरी आल्यावर कान लांब करतो म्हणून!"

"बाबा, खरंच!" कोल्बी संचात ओरडला. "शप्पथ!"

"सकाळी पण शप्पथच घेतली होतीस, राजा."

दिवा काठ सोडून बर्फावर आला. फाळापुढे बर्फाची पांढरी लाट उसळत होती. कोल्बीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "माझ्यामुळे," तो म्हणत होता, "माझ्यामुळे..."

आणि मग डार्सीला आजीचा नियम आठवला. लव्हिना आजीने घरातल्या प्रत्येक पोराला तो बोबड्या वयात शिकवला होता. मामालाही, त्याच्या लहानपणी. आपल्या भाषेत भांड, आपल्या भाषेत खुशाल थट्टा कर. पण आपल्या भाषेत खोटं बोलायचं नाही. बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यातला एकही शब्द खोट्यावर उधळायचा नाही. कोल्बीसारख्या कोल्बीनेही तो नियम आजवर मोडला नव्हता.

तिने बटण दाबलं. थंडीने जबडा लाकडासारखा झाला होता, दात दातांवर आपटत होते.

"पेपोन... नेपॅव!"

गाणं थांबलं. मामाने ते बंद केलं असावं. मग त्याचा आवाज आला, जरा गोंधळलेला.

"कोण झोपलंय?"

तोच स्वर! पुन्हा तोच! तोंड गारठलं की ओठ फाकतात आणि 'ए'चा 'ॲ' होतो. ट्रक सावकाश पुढे येत होता. कोल्ह्याने वळसा घालून जो भाग टाळला होता, तिथे तो पोचत होता.

"डार्सी," कोल्बी म्हणाला. तो रडत होता. "नीट म्हण. एकदाच, पण नीट."

तिने डोळे मिटले. तिला तो खोकला ऐकू आला, वल्ह्याचा करकराट ऐकू आला. आणि या वेळी तिने खोकल्याच्या पलीकडचंही ऐकलं. म्हाताऱ्याने ओठ अरुंद करून काळजीपूर्वक सोडलेला तो लांब, सरळ स्वर. कुणाचा तरी जीव त्यावर अवलंबून असल्यासारखा सोडलेला. तिने गालांत दोन बोटं रुतवून ओठ आवळले.

"नेपेव," ती म्हणाली. "मामा. नेपेव. नेपेव!"

संच खरखरला. उत्तर आलं नाही.

पण पिवळा दिवा थांबला.

कितीतरी वेळ काहीच घडलं नाही. मग ट्रकचं दार उघडलेलं दिसलं. मामा उतरला नाही. त्याने फक्त वाकून खाली, चाकांकडे बघितलं. आणि तितक्यात पुढचा फाळ, कुणीतरी खालून ओढल्यासारखा, एका बाजूने हातभर खचला.

"मागे!" कोल्बी किंचाळला. संच, बटण, सगळं विसरून तो दारातून तळ्याकडे तोंड करून किंचाळला. "बाबा, मागे!"

इंजिन गरजलं. चाकं जागेवरच फिरली, करडा रेंदा उडाला, पुन्हा फिरली, आणि एका हिसक्यासरशी ट्रक मागे सुटला. दहा हात... वीस हात... काठाच्या दगडांवर त्याची मागची चाकं आदळली तो आवाज त्यांनी ऐकला. त्यानंतर दुसरा आवाज आला, अगदी हलका, कागद फाटल्यासारखा. फाळ होता त्या जागी पांढऱ्यात एक काळी फट पडली, ती रुंदावली, आणि तिच्यातून पाणी वर आलं. काळंभोर, वाफाळणारं पाणी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, उघडं!

तंबूच्या दारात ग्रुबर बूच हातात घेऊन उभे होते.

मामा वळशाच्या रस्त्याने कुणाच्या तरी गाडीतून आला, तोवर शेजारच्या सूपवाल्या शेडमधली माणसं तंबूपाशी जमली होती. लव्हिना आजी सगळ्यांच्या पुढे होती. कोल्बी धावत जाऊन बापाच्या कमरेला बिलगला. मामाने त्याचे कान लांब केले नाहीत. नुसता हात त्याच्या टोपीवर ठेवून उभा राहिला.

"मला आधी वाटलं, ही पण थट्टाच," तो डार्सीला म्हणाला. "मग वाटलं, आपल्या भाषेत? आपल्या भाषेत कुणी खोटं ओरडणार नाही. आणि झोपलंय कोण, हे कळेना. मग तू पाणी म्हणालीस." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वॅवॅनेन, पोरी. मोठे आभार."

"माझ्या काकांनी पुष्कळांना ती नावं ऐकवली," आजी म्हणाली. "लोक ऐकायचे, माना डोलवायचे. तुम्ही तिघांनी मात्र ती कामाला लावली. शाबास! आणि माशाची हवा काढणारी ती कोण? तुलाही शाबास!"

लोक हसले. ट्रीसा लाजून बहिणीच्या मागे लपली. डार्सी मात्र हसली नाही.

"आजी, शाबास म्हणू नकोस," ती म्हणाली. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "ती पाटी मी लिहिली होती. चुकीची. मी नीट ऐकलं नाही. छान वाटलं तेच लिहिलं. मामा आज बुडाला असता तर माझ्यामुळे बुडाला असता."

ग्रुबर एकदम पुढे सरसावले.

"बघा! ऐकलंत ना? मी काय म्हणत होतो? कागद माझ्याकडे आहे! मुलीने लिहून दिलं, मी विश्वास ठेवला. यात मंडळाची काय चूक? माझी काय चूक?"

आजीने नातीचा गोठलेला हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घेतला. मग ती ग्रुबर यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. ती नेहमी बोलायची तशीच, शब्द वेचून वेचून बोलत होती.

"चूक तिची आहे. ती तिने सगळ्यांसमोर सांगितली, आणि त्याआधी धावत येऊन दुरुस्तही केली. तेरा वर्षांची आहे ती. आता मला एवढंच सांग, हार्लन. तू बावन्न वर्षांचा आहेस. चार हजार किलोचा ट्रक तिथून न्यायचा होता, माझा मुलगा आत बसलेला होता. त्या कोपऱ्यात बर्फाला भोक पाडून जाडी मोजलीस ती नेमकी कुठे?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. ग्रुबर यांनी तळ्याकडे बघितलं. काळ्या पाण्यावरची वाफ वाऱ्याने वाकत होती. मग त्यांनी टेबलावरचे हातमोजे उचलले, एक घातला, दुसरा तसाच मुठीत धरला, आणि माणसांच्या मधून वाट काढत ते आपल्या गाडीच्या दिशेने चालू लागले.